मधे बोलणारे नागोराव

नागोरावांनी गोलात मांडलेल्या खुर्च्या ओढून सरळ दोन रांगांत लावल्या, पुढे एक स्वतःसाठी ठेवली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. सभा म्हटली की कुणीतरी पुढे बसायलाच हवं, हा त्यांचा सुपरवायझरकीचा बावीस वर्षांचा शिरस्ता.

बोईसरच्या कारखान्यानं दहा जणांना जवळच्याच माहीमच्या वाडीतल्या या हॉलवर तीन दिवसांसाठी पाठवलं होतं. माणसं गटात कशी वागतात, पुढारपण कोण कसं घेतं, हे म्हणे इथे वागूनच शिकायचं होतं. शिकवणाऱ्या समिधाबाई येऊन खुर्चीत बसल्या आणि बसल्याच. विषय नाही, फळा नाही, तोंडातून अवाक्षर नाही. बाईंना चहा मिळाला नसेल म्हणून नागोरावांनी तो मागवला. बाईंनी चहा घेतला आणि पुन्हा गप्प. ठरल्या मिनिटाला मात्र उठून चालत्या झाल्या, बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं तरी. आता बोला!

नागोरावांचा जीव खरा अडकला होता तो या दहा जणांतल्या सोमीत. सफाळ्याच्या आतल्या पाड्यावरची ही पोर सहा वर्षांपूर्वी पॅकिंगला आली, तेव्हा मान वर करत नव्हती. तिला कायम करून घ्यायला नागोरावांनी ऑफिसचे उंबरठे झिजवले होते. आणि तिनंच पंधरा दिवसांपूर्वी अर्ज दिला, की पॅकिंग नको, मशीनवर घ्या. त्यांच्या सहीशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता, आणि सही काही त्यांच्या हातून होत नव्हती. एवढं केलं त्याचं हेच फळ, असं त्यांना फार लागलं होतं. कारण विचारायची छाती मात्र झाली नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या कुणीतरी परत गोलात लावल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या उत्कर्षानं सोमीला विचारलं, पॅकिंगला कसं वाटतं? तिला काही त्रास नाही, असं नागोराव सांगून मोकळे. घरी जायला उशीर होतो का? नाही, मी तिला वेळेवर सोडतो. असंच चाललं होतं, तेव्हा समिधाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"सोमीला आतापर्यंत पाच प्रश्न विचारले गेले. पाचही उत्तरं नागोरावांनी दिली."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. नागोरावांचे कान तापले.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या बैठकीत, उत्कर्षानं सोमीला मशीनवर का जायचंय ते विचारलं. नागोरावांचं तोंड उघडलं. त्यांनी ते मिटलं आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरला. सोमी खाली बघत राहिली. किती वेळ लावते ही पोर! पण ते थांबले.

"साहेब, तुमच्यावर राग नाय माझा," सोमी म्हणाली. "तुमी लय केलं. पण तुमी मला सांभाळता. शिकवत नाय."

नागोरावांनी खुर्चीचा दांडा सोडला.

"त्या मशीनवर माझ्यासमोर एकाची दोन बोटं गेली," ते शेवटी म्हणाले. "मला भीती वाटते, सोमी."

बावीस वर्षांत कुठल्याही सभेत त्यांनी असलं काही कबूल केलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मला पण वाटते," सोमी म्हणाली. "पण माझी भीती मला वाटू द्या."

साडेबारा झाले. समिधाबाई उठल्या आणि निघून गेल्या. बाकीचं कुणी हललं नाही. नागोरावांनी रुमालानं तोंड पुसलं.

"सोमवारी सही करतो. पण पहिले आठ दिवस मी शेजारी उभा राहणार."

सोमीनं बराच वेळ विचार केला. कुणी घाई केली नाही.

"उभे रहा," ती म्हणाली. "पण बोलायचं नाय."