तळाचा नळ

मी टाकी बोलतेय. गच्चीवरची पाण्याची नव्हे. पोलादाची, दुहेरी कातडीची, पाचशे लिटर पोटाची. माझ्या कपाळावर दाबाचा काटा आहे, तळाला नळ आहे आणि छातीवर जाड काचेची खिडकी होती. खिडकी आता नाही. ती कशी गेली, तेच सांगायचंय.

माझा जन्मच ठोकाठोकीतला. वेल्डरने मला जाळून जाळून जोडलं आणि हातोड्याने पोक काढले. दहा वर्षं मी जॅम शिजवला. तो कारखाना बसला आणि मी एका आवारात आडवी पडून राहिले. गांधीलमाश्यांनी पोटात बिऱ्हाड केलं. तिथून मला बाईंनी आणलं.

बाई जिवाणूंचा अभ्यास केलेल्या. त्यांचे थोरले भाऊ, दादा, यांचा चिप्सचा कारखाना होता. बटाटे धुतलेलं पिठूळ, आंबलेलं पाणी मागच्या ओढ्यात जायचं. बाई दादांना म्हणाल्या, "हे धुवण मला दे आणि मागची शेड दे. यातून प्लास्टिक काढून दाखवते. मातीत पुरलं की मातीच खाऊन टाकेल, असं."

दादा हसले. "अगं, नुसता वास नेलास तरी उपकार होतील."

मग माझ्या पोटात जे सुरू झालं, ते आठवलं की अजून पत्रा थरथरतो. धुवणातल्या पिठाची साखर करून बाई त्यात जिवाणू सोडायच्या. आधी नुसते लाड. ऊब, हवा, हवी तेवढी साखर. एकाचे हजार, हजारांचे कोटी. मग बाई त्यांचा नत्र तोडायच्या. आता वाढता तर येईना, आणि साखर समोर. बिचारे घाबरून अंगात साठा करत सुटायचे, माणूस चरबी साठवतो तसा. तो साठा म्हणजेच प्लास्टिक. फुगून टम्म झाले की कत्तल. आधी उकळी, मग कॉस्टिक सोडा. कॉस्टिक त्यांची कातडी फाडायचं, आतलं सगळं विरघळवायचं, आणि मागे पांढरी पूड राहायची. बाई ती चिमटीत धरून लहान मुलीसारख्या हसायच्या.

राहिलेलं पाणी मात्र विषारी. बाई त्यात आम्ल थेंबाथेंबाने घालायच्या, रंग बदलणारा कागद बुडवून बघायच्या आणि पाणी निवळलं की मगच तळाचा नळ सोडायच्या. याला दीड तास लागे. ताप असला तरी त्यांनी तो दीड तास कधी चुकवला नाही.

एकदा बाई पूड गाळून घेऊन दुसऱ्या गावी पिशव्या करणाऱ्याला दाखवायला गेल्या. माझ्या पोटात कॉस्टिकचं पाणी तसंच होतं. दुपारी दादा शेडमध्ये आले. "टाकी रिकामी कर. बाहेर धुवण उतू चाललंय."

बाईंच्या हाताखालचा फिटर चाचरला. "बाईंनी हात लावू नको म्हटलंय. आत कॉस्टिक आहे."

"शेड कुणाची आहे?"

फिटरने नळ सोडला. ते पाणी माझ्याच तोंडून ओढ्यात गेलं. मला दातओठ असते तर मी ते आवळून धरले असते.

दुसऱ्या दिवशी बाई परतल्या, तर मी रिकामी. "आम्ल घातलं होतंस ना?" त्यांनी विचारलं. फिटर जमिनीकडे बघत "हो" म्हणाला. बाईंनी मला धुतलं, झाकण आवळलं आणि निर्जंतुक करायला वाफ सोडली. काटा चढत होता, तेवढ्यात दारातून बदकवाला आत आला. ओढ्याच्या खालच्या वळणावर त्याची दोनशे बदकं होती. एका हातात पहार, दुसऱ्या हातात ओलं पोतं. त्याने पोतं फरशीवर उपडं केलं. मेलेली बदकं धपाधप पडली. चोची सोललेल्या, पायांची कातडी निघालेली.

"पिल्लंसुद्धा सोडली नाहीत तुम्ही," तो म्हणाला आणि पहार उगारली.

पहिला घाव माझ्या काट्यावर बसला. बाई आडव्या आल्या. दुसरा त्यांच्या खांद्यावर बसला; हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या गुडघ्यांवर कोसळल्या, तरी ओरडल्या, "काच नको! आत वाफ आहे, भाजून मराल!"

"मशीनचाच जीव प्यारा तुला!"

तिसऱ्या घावाला माझी छाती फुटली. आत कोंडलेली सगळी वाफ मी त्याच्या तोंडावर ओकले. थांबवणं माझ्या हातात नव्हतं. त्याची किंकाळी वाफेच्या आवाजातूनही ऐकू आली. बाईंनी सरपटत जाऊन धड हाताने वाफेचं चाक बंद केलं. तळहाताची कातडी चाकालाच चिकटून राहिली. मग त्याच हाताने त्याची कॉलर धरून त्यांनी त्याला बाहेर ओढलं, अंगावर गार पाणी ओतलं.

दादा धावत आले. "माझ्या बहिणीवर हात टाकतोस?" म्हणत त्यांनी त्या भाजलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी.

"दादा, थांब!"

ते थांबेनात. बाईंनी पाना उचलला आणि सख्ख्या भावाच्या नडगीवर हाणला. दादा खाली बसले. बाईंनी खिशातला तो रंग बदलणारा कागद काढून एका ओल्या बदकाच्या पंखाला लावला. कागद गर्द निळा झाला, म्हणजे कॉस्टिकच. फिटर रडायला लागला.

"दीड तास वाचवला, एवढंच," दादा पुटपुटले.

पुढे सरकारी चौकशी लागली, तेव्हा बाईंनी पट्टी बांधलेल्या हाताने लिहून दिलं: कॉस्टिक आमच्याच टाकीतून गेलं. दादा विनवत होते, "अगं, तुझंच काम बंद पडेल!" त्या म्हणाल्या, "पडू दे."

चौकशीला बदकवाला आला, तेव्हा त्याचा एक डोळा गेलेला होता. भाजलं कसं, असं विचारल्यावर त्याच्या मनात आलं असतं, तर त्याने सगळं बाईंवर ढकललं असतं. तो म्हणाला, "बाई ओरडल्या होत्या. मीच ऐकलं नाही." बाईंनी मान वर केली नाही. माफी कुणी कुणाची मागितली नाही.

मला टाळं लागलं. कारखानाही थांबला; सांडपाण्याची सोय झाल्यावरच तो सुरू झाला. अकरा महिन्यांनी माझ्या छातीवर पोलादी ठिगळ बसलं आणि पोटात पुन्हा जिवाणू फुगू लागले. बाईंचा एक खांदा उतरलेला आहे. दादांशी त्या बोलत नाहीत. बदकवाला गाव सोडून गेला.

हल्ली मला बघायला माणसं येतात. कचऱ्यातून प्लास्टिक, तेही मातीत विरणारं! पूड हातात घेतात, माझ्या पाठीवर थापा मारतात, फोटो काढतात. मला संकोच होतो. दोनशे बदकं माझ्याच तोंडून गेलेल्या पाण्याने मेली, एका माणसाचा डोळा मी घेतला, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून तुम्हाला सांगितलं. कधी आलात, तर पुडीचं कौतुक जरूर करा. बाईंनी त्यासाठी हाडं मोडून घेतली आहेत. पण तेवढ्यावर परत फिरू नका. खाली वाका, माझा तळाचा नळ बघा, आणि विचारा, "यातून काय जातं, आणि ते कुणाच्या दारात जातं?"