बिहीने विचारलं होतं तरी काय?

१९७४ साल होतं. मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या त्या डोंगराळ गावातले निम्मे पुरुष तेव्हा फ्रान्सच्या कोळशाच्या खाणींत होते, आणि घरच्या बायकांना लिहितावाचता येत नसे. म्हणून पत्राऐवजी कॅसेट यायची. कॅसेट एकच. नवऱ्याचं ऐकायचं, त्याच्यावरच आपलं भरायचं आणि आणणाऱ्याच्याच हाती परत द्यायची.

तुदाच्या नवऱ्याची, बिहीची कॅसेट फ्रान्सच्या खेपा करणाऱ्या अबेल्लाने आणून दिली. त्याची गाडी दुपारच्या नमाजानंतर लगेच परत निघणार होती. बिहीचा आवाज आलाय म्हटल्यावर अर्धी आळी अंगणात जमली. पण ऐकणार कोण? तो "आई, बरी आहेस ना?" म्हणाला की त्याची आई इज्जा यंत्राकडे वाकून सांगायची, "बरी आहे रे राजा! तू जेवतोस का वेळेवर?" तो खोकला की म्हणायची, "रानओवा उकळून पी!" शेजारच्या केल्तूमला आपल्या नवऱ्याची खबर हवी होती. ती सगळ्यांना गप्प करत होती, आणि तिचाच आवाज सर्वांत मोठा. तुदा चहा ओतता ओतता मनात स्वतःचं बोलणं जुळवत होती. शेळी व्याली ते आधी सांगावं की बदाम उतरले ते? शेवटचं तेवढं तिच्या कानी पडलं, "तुदा, हो की नाही, ते तुझ्या तोंडून सांग."

इज्जाने कॅसेट मागे फिरवून लाल बटण दाबलंसुद्धा. साऱ्या गावाचे सलाम, शेळी, बदाम, सगळं तिनेच सांगून टाकलं आणि म्हणाली, "आता तू. हो म्हण आणि मोकळी हो."

"कशाला हो म्हणू, लल्ला?" तुदाने सासूला आदराने विचारलं.

"अगं, वरची खोली बांधून होईतो आणखी दोन वर्षं राहू का, विचारतोय."

"काहीतरीच!" केल्तूम म्हणाली. "हिला तिकडे नेऊ का, असं विचारलं त्याने. या कानांनी ऐकलं मी."

"ते कान तुझ्या नवऱ्याला हुडकत होते, बये!"

तुदाने कॅसेट मागे नेऊन लावली. आतून इज्जा बोलू लागली; बिहीचा प्रश्न तिच्या बोलण्याखाली पुसला गेला होता. बायका खो खो हसल्या. एका शब्दाने नवरा दोन वर्षं लांबणार, की तिलाच हे अंगण सोडावं लागणार? बाहेर अबेल्लाने हॉर्न वाजवला. तिने बटण दाबलं.

"बिही, मी ऐकलं नाही. माझंच मनात चाललं होतं. पुन्हा विचार."

इज्जाने कपाळावर हात मारला. "नवऱ्याला असं सांगतात होय गं?"

चार महिन्यांनी कॅसेट परत आली. या खेपेला तुदा ती घेऊन एकटीच गच्चीवर गेली. ऐकता ऐकता मनात उत्तरं जुळू लागली, म्हणून तिने ती पुन्हा लावली. "खाणीची धूळ छातीत बसलीय," बिही सांगत होता. "रिकाम्या हाताने आलो तर घरात घेशील का, एवढंच विचारलं होतं." मध्ये मध्ये तोच खोकला. तो तर सगळ्यांनीच ऐकला होता.

तिने एकच शब्द भरला. "ये."

बदाम फुलले तेव्हा बिही आला. मशिदीच्या भिंतीशी ऊन खात तो आणखी नऊ वर्षं जगला. इज्जा त्याच्या आधी गेली. वरची खोली काही झाली नाही. केल्तूम नवऱ्याकडे फ्रान्सला गेली आणि तिचा फोन आला की अजूनही ती एकटीच बोलते. अबेल्लाने गाडी विकून कापडाचं दुकान टाकलं. तुदाची नातवंडं आता मोबाइलवर आवाज भरून पाठवतात. ती प्रत्येक निरोप दोनदा ऐकते. पोरं समजतात, आजीला कमी ऐकू येतं.

पण त्या दुपारी सासूचं ऐकून नुसतं "हो" म्हटलं असतं, तर बिही चार महिने आधी आला असता. तेवढी धूळ कमी गेली असती छातीत. मग आपलं बरोबर की चूक, हे तिला अजून उमगत नाही.