जांभ्याचा श्लोक

सौदामिनीला पाठांतराचं वेड आणि विज्ञानाची आवड, आणि दोन्ही एकाच डोक्यात कोंबताना तिची तारांबळ उडायची. व्याख्या म्हणून सांगितलं की दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. शेवटी मीच, तिची विज्ञानाची टीचर, वैतागून म्हटलं, बाई गं, धडे श्लोकात बांध. मग पानाला प्रकाशातून अन्न कसं मिळतं ते वसंततिलकेत आलं, पेशी शार्दूलविक्रीडितात आली, आणि पोरगी वर्गात पहिली आली.

दहावीनंतर तिला त्रिशूरला सायन्सला जायचं होतं. वडील आखातात, घरात शब्द चालायचा तो चात्तुण्णी मामांचा. मामा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले अक्षरश्लोकाचे दादा. एकाने श्लोक म्हणायचा, त्याच्या तिसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षरावरून दुसऱ्याने पुढचा. म्हटलेला पुन्हा चालत नाही. स्वतः रचलेला चालतो, पण अडलं किंवा वृत्त चुकलं की बाद होऊन उठायचं. मामांनी भाचीला सांगितलं, "उत्सवात मला हरव, मग जा त्रिशूरला." आपण हरणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

देवळाच्या ओसरीवर सगळे एकेक करून उठले आणि हे दोघं उरले. मामा मुद्दाम तिला 'च'च देत होते. तिचे 'च'चे सगळे श्लोक संपले. पोरीच्या कपाळावर घाम. मग तिने स्वतःचा म्हटला, जांभ्यावरचा. आमच्याकडे जांभ्याला चेंकल्लु म्हणतात, म्हणून 'च'. ज्वालामुखीच्या पोटातून उसळून थंड झालेला लाल दगड, असं काहीसं त्यात होतं. वृत्त निर्दोष. लोकांनी माना डोलावल्या. परीक्षक नंबीशन मास्तरांनी तर डोळेच मिटले.

माझं डोकं फिरलं. जांभा ज्वालामुखीतून येत नाही, हे मी या कार्टीला घसा फोडून शिकवलं होतं. जागच्या जागी पावसाने खडक कुजतो, बाकीचं धुऊन जातं, लोखंड मागे राहतं, म्हणून तो लाल. खरं ते वृत्तात बसेना म्हणून हिने खुशाल ज्वालामुखी घातला होता. मी उठायला लागले तशी तिच्या आईने माझा पदर ओढला. "बसा हो टीचर, पोरीचं भलं होतंय," ती कुजबुजली. मी बसले. स्वतःचाच राग आला, पण बसले.

आणि मामा अडले. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, छताकडे पाहिलं. मास्तर त्यांना उठायला सांगणार एवढ्यात सौदामिनी म्हणाली, "थांबा मास्तर. माझा श्लोक चुकलाय."

मास्तर म्हणाले, वृत्त शुद्ध आहे, मुली.

"वृत्त शुद्ध आहे. दगड चुकलाय."

तिने पहिली ओळ पुन्हा म्हटली, या वेळी पाऊस आणि कुजलेला खडक घालून. ओळ अशी काही लंगडली की मागच्या बायका हसल्या. मास्तरांचा नाइलाज झाला. त्यांनी तिला उठायला सांगितलं. ती उठली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. आईने कपाळावर हात मारून घेतला. मला त्या पोरीचा अभिमान वाटत होता आणि तितकंच वाईटही वाटत होतं.

मामांना मानाची शाल मिळाली. ती त्यांनी घडी करून काखेत मारली आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आता हे मलाच झापणार, असं वाटून मी पदर खोचला.

"टीचर," ते म्हणाले, "ही पोर आमच्या कामाची नाही. वृत्तासाठी मी जन्मभर काय वाट्टेल ते म्हणत आलो, आणि हिला एक दगड खोटा म्हणवेना. त्रिशूरला कधी निघायचं, तेवढं सांगा."