मी सुंदररावाचं नेपाळ अडवलं

मी चतुराबाईचं मतदान कार्ड बोलतेय. कार्डानं बाईमाणसासारखं बोलावं का, असं कुणी विचारेल. माझ्या अंगावर बाईचा फोटो आहे आणि पोटात तिचाच राग आहे, तेव्हा मी तशीच बोलणार. आणि आधीच सांगते, मला गरीब बिचारी समजून ऐकायला बसू नका. मी एका माणसाचं वाटोळं केलंय आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

सिरसाळ्याच्या पलीकडं आमची वाडी. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात माझा जन्म झाला. भिंतीला चादर टांगून फोटोवाला बसला होता. तो चतुराबाईला म्हणाला, "मावशी, पदर जरा मागं घ्या, कान दिसू द्या."

"कावून? मत काय कानानं देत्यात व्हय?"

सगळी रांग हसली. म्हणून माझ्यावरचा तिचा चेहरा हसू दाबल्यासारखा आहे. मग माझ्यावर गरम यंत्रातून प्लास्टिक चढवलं, आणि मी तिची झाले.

चतुराबाई मेंढरांवाली. नवरा सटवा आणि एकुलता एक पोरगा जीवन. वर्षातले कितीतरी महिने ती मेंढरांमागं रानोमाळ हिंडायची आणि मी तिच्या चंचीत, सुपारीच्या खांडांशेजारी. पण मतदान आलं की असेल तिथून एस.टी. धरून वाडीला यायची. शाई लावलेलं बोट सटवाला दाखवून म्हणायची, "सुंदररावाला बी एकच मत, अन् मला बी एकच. हाय का न्हाई गंमत?"

सुंदररावाला ही गंमत आवडत नव्हती. सुंदरराव म्हणजे वाडीचा पुढारी. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि तोंडात साखर. मेंढरांवाल्यांच्या वस्तीची मतं आपल्याला पडत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं एक रीतच पाडली. निवडणूक लागली की त्याचा माणूस पप्पू वस्तीवर यायचा. "साहेबांनी कार्डं मागितलीत. यादीत नावं बरोबर हायत का बघायची हायत." भोळी माणसं द्यायची काढून. दुसऱ्या कुठल्या ओळखपत्रावर मत देता येतं, हे त्यांना सांगतो कोण? कार्ड नाही म्हणजे मत नाही, अशीच त्यांची समजूत. मतदान उरकलं की कार्डं परत, तीही पप्पूला सवड झाली तर.

पंचायत समितीची निवडणूक लागली, सुंदरराव स्वतःच उभा राहिला, तसा पप्पू आला. सटवानं चतुराबाईच्या चंचीतून मला काढून दिलं. ती मेंढरं पाजायला ओढ्यावर गेली होती. सुंदररावाच्या वाड्यात, पत्र्याच्या खोलीत, एक लोखंडी पेटी होती. तिच्यात आम्हा सगळ्यांना रबर लावून कोंबलं. वाण्याच्या दुकानात हळकुंडं भरतात तसं.

त्याच दिवसांत जीवनचा घात झाला.

जीवन ट्रक चालवायचा. कांदा घेऊन नेपाळला गेला होता. सरहद्द ओलांडून वीरगंजजवळ त्याचा ट्रक उलटला, आणि तो तिथल्याच दवाखान्यात पडला. ट्रकच्या मालकानं फोन केला. "लगेच निघा. व्हिसा-बिसा काही लागत न्हाई. पण पासपोर्ट न्हाईतर मतदान कार्ड पाहिजे. आधार सगळ्यांचं चालत न्हाई, ध्यानात ठेवा."

चतुराबाई अनवाणी सुंदररावाच्या दारात आली. मी पेटीत होते. भिंतीपलीकडचा तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"सायेब, माझं कार्ड द्या. माझं लेकरू तिकडं पडलंय."

"अरारा! वाईट झालं, चतुराबाई. पण किल्ली पप्पूकडं हाय, अन् पप्पू गेलाय प्रचाराला."

"बलवून घ्या की हो. पाया पडते तुमच्या."

"आवं, आधार हाय ना तुमच्याकडं? आधारवर सारा देश चालतोय. नेपाळ काय, आपलंच हाय. जावा बिनघोर."

किल्ली सुंदररावाच्याच करदोड्याला होती. तो हलला तशी ती वाजली. मी ओरडले असते, पण कार्डाला तोंड असतं ते फक्त छापलेलं. जळो मेलं ते!

पुढचं मला पेटीतच कळलं. पप्पू वाड्यावरच्या एकाला सांगत होता आणि सांगता सांगता नाक ओढत होता. म्हातारा-म्हातारी रेल्वेनं रक्सौलला पोचली. तिथून पूल ओलांडला की वीरगंज. एरवी त्या पुलावरून माणसं बाजाराला ये-जा करतात. पण तिकडंही निवडणुकीचे दिवस होते आणि तपासणी कडक. सटवा पासष्टच्या पुढचा, म्हणून त्याचं आधार चाललं. चतुराबाई अजून साठीचीही नाही. शिपाई म्हणाला, "माताजी, आपका आधार नहीं चलेगा. वोटर कार्ड लाओ." त्या शिपायाला मी बोल लावत नाही. त्याला नेमून दिलं तेच तो करत होता.

सटवा एकटाच पलीकडं गेला. चतुराबाई पुलाच्या अलीकडं पदर पसरून बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "बाबा, दवाखाना दिसतो का हो हितून?" तिची भाषा कुणाला कळत नव्हती. जीवननं दवाखान्यात दोनदा विचारलं, "आई आली का?" सटवा म्हणाला, "आली, खाली हाय." आणि त्या खोट्यावरच पोरगं गेलं. ज्या पुलावरून ती जाऊ शकली नाही, त्याच पुलावरून त्याला तिच्याकडं आणलं. मेलेल्याला कार्ड मागत नाहीत.

त्या दिवसापासून मी कागद-प्लास्टिक राहिले नाही. मी नुसता राग झाले.

सुंदरराव निवडून आला. बारशाला आणि बाराव्याला एकाच तोंडानं जाणारा माणूस तो. जीवनच्या दहाव्यालाही आला आणि "देवापुढं कुणाचं चालतं?" म्हणून गेला. कार्डं परत द्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.

मग सभापतीची निवड आली. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. सभापती व्हायचं तर सदस्य सांभाळावे लागतात, आणि सांभाळायचे म्हणजे सहलीला न्यायचे. विरोधकांचा फोनसुद्धा लागू नये इतकं लांब. निवडीच्या दिवशी थेट सभागृहात आणून सोडायचे. सुंदररावानं काठमांडू ठरवलं. त्याचा उजवा हात म्हणजे उत्तरेश्वर, तोही सदस्यच. त्याला सुंदरराव सांगत होता, "व्हिसाची भानगड न्हाई. फक्त मतदान कार्ड घ्यायचं. आधारावर जाऊ नका बरं का, ती चतुराबाई कशी अडकली."

ऐकलंत? तिच्या दुःखातून ह्यानं एवढंच शिकून घेतलं होतं!

आता माझं ऐका. सुंदररावाचं स्वतःचं कार्डही त्याच पेटीत होतं. वर मोठा गठ्ठा, खाली तो, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून मी. उन्हाळा लागला होता. पत्र्याखाली पेटी अशी तापायची की भाकरी भाजून निघावी. इतर कार्डं घाबरून अंग चोरायची, मी मात्र सैल सोडलं. माझं जुनं प्लास्टिक पाघळलं, त्याचंही पाघळलं. मी त्याला असं धरलं, असं धरलं की विचारू नका. त्या घाणेरड्या माणसाच्या पाठीला पाठ लावून राहणं सोपं नव्हतं हो. पण राहिले.

निघायच्या गडबडीत त्यानं पेटी उघडली. गठ्ठा उचलला, खाली स्वतःचा चेहरा दिसला, तेवढा बघितला आणि आम्हा दोघांना खिशात घातलं.

मुंबईच्या विमानतळावर त्यानं सदस्यांना पुढं घातलं आणि स्वतः मागं राहिला, एखादा पळून जाईल म्हणून. सगळे आत गेले. उत्तरेश्वरही गेला. मग काउंटरवरच्या पोरीनं सुंदररावाचं कार्ड घेतलं, चेहरा बघितला आणि पत्ता बघायला उलटं केलं. तिथं मी होते. पदर घेतलेली, हसू दाबलेली.

"सर, ह्या कोण?"

सुंदररावाचा चेहरा असा झाला की बास! "ह्या... आमच्या गावच्या मतदार हायत."

"त्यांचं कार्ड तुमच्याकडे कसं?"

"चिकटलं असंल. थांबा, काढतो." त्यानं नख घातलं आणि ओढलं. मी काही सुखासुखी सोडते काय? त्याच्या पाठीचा सगळा पापुद्रा मी बरोबर घेऊन आले. त्याचा पत्ता, जन्मतारीख, अधिकाऱ्याची सही, सगळं माझ्या अंगावर. त्याच्या हातात उरलं पाठ सोललेलं कार्ड.

"सर, हे चालणार नाही. पासपोर्ट आहे का?"

"न्हाई. आधार हाय की! हे बघा आधार!"

"तुमचं वय पासष्टच्या आत आहे, सर. आधार चालत नाही."

आहाहा! असं वाटलं, चतुराबाईला आत्ता इथं उभी करावी. सुंदररावानं हात जोडले, मंत्र्यांची नावं घेतली, रागावला, रडकुंडीला आला. मागची माणसं म्हणाली, "अहो, बाजूला व्हा की!" विमान गेलं. त्यानं उत्तरेश्वरला फोन लावला. बंद. परत लावला. बंदच.

लई वर्षं उजवा हात होऊन राहिलेल्या उत्तरेश्वरला तेवढीच संधी पाहिजे होती. काठमांडूत त्यानं सदस्यांना काय खाऊ-पिऊ घातलं ते पशुपतिनाथाला ठाऊक. सगळे परत आले ते थेट सभागृहात, आणि उत्तरेश्वर सभापती झाला. सुंदररावाच्या दारातल्या गाड्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात गेल्या. पप्पूसुद्धा गेला.

पण जाण्याआधी पप्पूनं एक काम केलं. सुंदररावानं वाड्यावर परत येऊन फेकून दिलेल्या मला उचललं आणि वस्तीवर आणलं. विमानतळावरचं सुंदररावाच्या तोंडून ऐकलेलं सगळं त्यानं चतुराबाईला सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. शिव्या तरी देईल.

तिनं मला उलटं केलं. "हे काय लागलंय माघं?"

"साहेबाची जन्मतारीख अन् सही हाय, मावशी. निघत न्हाई ती. ऑफिसात जाऊन नवं कार्ड काढून घ्या. पुन्यांदा कधी पलीकडं जायची येळ आली तर..."

चतुराबाईनं चुलीतली राख घेतली आणि भांडं घासावं तशी माझी पाठ घासायला लागली. सुंदरराव निघाला. खालचा तिचा पत्ताही पुसला, तिचं वयही पुसलं. तरी ती घासतच राहिली.

"आता पलीकडं माझं कोण हाय, पप्पू?"

पप्पू मान खाली घालून उठला आणि गेला.

मी आता तिच्या चंचीत आहे. कुठल्याच सरहद्दीवर मी चालणार नाही. सूड घेतला म्हणून मिरवत होते, पण त्या पुलावर तिला नेणं एवढं एकच माझं काम होतं आणि ते राहून गेलं. बाबांनो, बायांनो, तुमच्या दारात कुणी पांढऱ्या कपड्यातला कार्ड मागायला आला तर त्याला पाणी द्या, चहा द्या, कार्ड देऊ नका. आणि सुंदरराव, तू ऐकत असशील तर ऐक. तुझा-माझा हिशेब अजून फिटला नाही. मला पुन्हा तुझ्या पेटीत टाकलंस, तर मी पुन्हा चिकटेन.