डोंगराच्या पाठीचं भोक

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही बोटभर उंचीचे झालात आणि एका इवल्याशा आगगाडीत बसलात. खिडकीबाहेर गवत दिसतंय, पण तो खरं तर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा आहे. झाडं स्पंजाची आहेत. समोर पांढराशुभ्र डोंगर आणि त्यात काळाकुट्ट बोगदा. गाडी आत शिरते. अंधार. आणि त्या अंधारात तुमच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतंय!

उघडा डोळे. दचकलात ना? खारूही अशीच दचकली होती.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती सारखी कशावर तरी चढलेली असायची, म्हणून मामाने ते ठेवलेलं. मामा सुतार. दिवसभर लोकांची कपाटं करायचा आणि उरलेल्या वेळात वरच्या खोलीत, भल्यामोठ्या फळीवर, आपली खेळण्यातली आगगाडी मांडायचा. या सुट्टीत मामा-भाचीने मिळून डोंगर करायला घेतला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या टोपलीसारख्या विणल्या, त्यांवर वर्तमानपत्र चिकटवलं, आणि वरून प्लास्टरमध्ये बुडवलेल्या फडक्याच्या पट्ट्या अंथरल्या. डोंगर आतून पोकळ. त्याच्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला, हात आत जाईल एवढं भोक ठेवलेलं. बोगद्याच्या दोन्ही तोंडांत कागदाचे बोळे कोंबलेले, म्हणजे रुळांवर प्लास्टर टपकायला नको.

"मी रंग घेऊन आलोच," मामा म्हणाला. "तोवर मागचं भोक बुजवून टाक. पण आधी काय करायचं?"

"आत हात घालून सगळीकडे चाचपायचं."

"का?"

"कारण मागच्या डोंगरात मामीची कात्री राहिली."

"शू! हळू बोल. ती अजून शोधतेय."

मामा गेला आणि खारू भोकासमोर बसली. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं. आत नुसता काळोख. तिथे कोळी असला तर? केसाळ पायांचा, मोठा? तिने हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. 'कशाला उगाच? आजची कात्री तर ही समोर पडलीय,' तिने स्वतःची समजूत घातली. मग एकावर एक ओल्या पट्ट्या टाकल्या आणि तळहाताने गुळगुळीत केल्या. भोक होतं हे कुणाला सांगून पटलं नसतं.

हात धुऊन तिने बटणला हाक मारली. बटण म्हणजे मामाचं मुठीएवढं मांजराचं पिल्लू. एरवी ते भुशाच्या खोक्यात झोपलेलं असायचं. आज खोकं रिकामं. कपाटामागे नाही, जिन्यात नाही.

आणि मग आवाज आला. खर्र... खर्र.

डोंगरातून.

खारूने डोंगराला कान लावला, तर डोंगर गरम! प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे मामाने तिला मागेच सांगितलं होतं, हात ठेवून दाखवलंही होतं. पण भीती मानगुटीवर बसली की शिकलेलं सगळं पळून जातं, बाळांनो. तिला वाटलं, आत भट्टी पेटलीय आणि बटण त्यात भाजतंय.

खाली मामीचं शिवणयंत्र थांबलं. "काय गं खारू, एवढी शांतता? तू गप्प म्हणजे नक्की काहीतरी सांडलंय!"

"का-काही नाही सांडलं!"

"मग चढली असशील कशावर तरी. उतर खाली!"

यंत्र पुन्हा घरघरू लागलं. मामीला हाक मारावी असं खारूला फार वाटलं. पण मामी पहिलं हेच विचारणार, हात घालून बघितलं होतंस का? मग काय सांगायचं?

तिने बोगद्यातला बोळा ओढला. प्लास्टरच्या ओघळांनी तो घट्ट बसला होता. कागदाचा तुकडा तेवढा हातात आला. दुसऱ्या तोंडाचंही तेच.

खर्र... आणि आवाज थांबला.

आवाज थांबणं हे त्या आवाजापेक्षा भयंकर होतं. आत हवा किती असेल? खारूने मामाची धारदार पटाशी उचलली. पण पात्याच्या पलीकडे नेमकं बटणच असलं तर? तिने पटाशी टाकली आणि डोंगराच्या पाठीत नखं रोवली. पट्ट्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या चिवट झाल्या होत्या. एक नख तुटलं. एक पट्टी सुटली, मग दुसरी. शेवटी पुन्हा भोक पडलं.

"बटण! बटण, ये ना रे!"

काही नाही. नुसता तोच काळोख.

आता कोळी असो नाहीतर आणखी काही. तिने हात आत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. ओला कागद लागला, गार रूळ लागला आणि मग काहीतरी मऊ लागलं. ते हलत नव्हतं.

तेवढ्यात तिच्या बोटावरून एक खरखरीत जीभ फिरली.

पिल्लू बाहेर आल्यावर मात्र तिने असं भोकाड पसरलं की मामी खालून धावत आली, आणि तिच्या पाठोपाठ रंगाचे डबे घेतलेला मामाही. फाटलेला डोंगर आणि प्लास्टरने पांढरं झालेलं पिल्लू बघून त्याला सगळं कळलं.

"हात घातला नव्हतास?"

"नाही. आत कोळी असेल म्हणून..."

मामा मटकन खालीच बसला. त्याने बटणचं नाक पुसलं. "कोळ्याला मीसुद्धा घाबरतो," तो म्हणाला. "म्हणून मी डोळे गच्च मिटून हात घालतो. पण घालतो."

"आणि माझी कात्री कुठल्या डोंगरात गाडलीय ते सांगता का?" मामीने विचारलं. मामा खोकू लागला.

थोड्या वेळाने मामाने नवी पट्टी भिजवली, खारूपुढे धरली आणि वाट बघत राहिला. बटण मामीच्या मांडीवर होतं, तिघांनाही लख्ख दिसत होतं. पट्ट्या कापायची कात्रीही मामीच्याच हातात.

खारूने बाही वर सारली, डोळे गच्च मिटले आणि खांद्यापर्यंत हात त्या काळोखात घातला.