उघाडीला गोळी मारायची नसते

मी आयुष्यात खऱ्या गोष्टी दोनच सांगितल्या. एक, माझं नाव दयाराम. दुसरी, निवटीमारमधली उघाडी मी उघडली. पहिलीवर लोकांचा विश्वास आहे, कारण ती आधार कार्डावर छापलेली आहे. दुसरीवर गेली चोवीस वर्षं गावात एकाचाही नव्हता.

थोडा दोष माझाही आहे. मोरा बंदरातून मुंबईला भाऊच्या धक्क्याला मी मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, पाठीवर बसून गेलो आणि तिनं वाटेत उतारूंची लाँच मागे टाकली, हेही मीच सांगतो.

निवटीमार हा कम्प्युटरवरचा खेळ. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. कुठलासा तेरा नंबरचा ग्रह, त्यावर एकटा शिपाई, हातात बंदूक आणि चिखलातून टुणटुण उड्या मारत अंगावर येणारे परग्रहवाले. आम्ही मिठागरातली माणसं. खाडीच्या चिखलात अशा उड्या निवट्या मासळ्याच मारतात. मग खेळाचं नाव दुसरं काय पडणार? परेशनं २००१ साली उरणच्या रस्त्याला सायबर कॅफे काढला. पावसाळ्यात मिठागर बंद, हाताला काम नाही, त्यामुळे मी आणि मिठागरातला माझा जोडीदार अनंता, दोघं पंचेचाळिशी ओलांडलेले बाप्ये, शाळकरी पोरांना उठवून त्यांच्या खुर्च्यांत बसायचो.

खेळाच्या शेवटी एक बुरूज होता. खालून हिरवंगार विषारी पाणी चढायला लागायचं. सगळे जीव घेऊन वर पळायचे, आणि वर गच्चीवर कंटेनरएवढी चिंबोरी टपलेली. एक नांगी मारली की खेळ खलास. अख्ख्या उरण तालुक्यात तिला कोणी हरवलं नव्हतं.

मी एकदा वर गेलोच नाही. खाली भिंतीच्या पायथ्याला एक गोल झाकण होतं. पोरांनी त्यावर गोळ्या झाडल्या होत्या, बॉम्ब फोडले होते. जितका मारा, तितकं ते घट्ट. मी बघितल्याबरोबर ओळखलं. अरे, ही तर उघाडी! खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या पोटात झडप बसवतात, ती. भरतीला समुद्रच तिला बाहेरून दाबून बंद ठेवतो, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं. माणसानं काही करायचं नसतं, फक्त धीर धरायचा. मी बंदूक खाली केली आणि पाण्यात उभा राहिलो. पाणी उतरायला लागलं, झाकण हललं, उघडलं.

"आणि पलीकडं काय होतं?" लोक विचारायचे.

"मिठागर. नजर जाईल तिथवर पांढरंशुभ्र मीठ. आणि एक बाई एकटीच मीठ ओढत होती."

अनंता त्या वेळी टपरीवर चहाला गेला होता. चोवीस वर्षं त्याचं एकच पालुपद. "मी चहाला गेलो न् तेवढ्यातच बरी उघडली!"

आता परेशचे ट्रेलर चालतात आणि कॅफेच्या जागी त्याचं ऑफिस आहे. गेल्या महिन्यात त्याची मुलगी मृणाली माळा साफ करत होती. जुने टायर उचलले, ताडपत्री ओढली, तर खाली तोच ढेरपोट्या मॉनिटरचा कम्प्युटर. पोरगी कम्प्युटरचंच शिकलेली. दोन दिवस तिनं त्याला उघडलं, पुसलं, फुंकलं आणि चालू केलं. खेळ आत जसाच्या तसा.

"आजा," ती मला म्हणाली, "रविवारी दुपारी ये. तुझी उघाडी दाखव सगळ्यांना."

अनंता तिथंच होता. मिशीवर हात फिरवत म्हणाला, "दाखवलीस, तर ही मिशी मी काढीन. न्हाय दाखवलीस, तर तुझी. मीठ दिसलं पायजे आणि बाई पण दिसली पायजे."

"व्हय," मी म्हणालो.

म्हणालो खरा, पण पैज लावायला नको होती. कारण आता तुम्हाला सांगतो, त्यांना सांगू नका. झाकण उघडलं होतं, देवाशपथ. पण वीतभर उघडलं आणि लाइट गेली. पलीकडं काय होतं, मी पाहिलंच नव्हतं. मीठ मी घातलं. बाई तर त्याच्याही दोन वर्षांनंतर घातली. मिशी गेली तर पुन्हा येते. पण नाव सोडलं तर आयुष्यातली एकुलती एक खरी गोष्ट खोटी ठरली, तर माझ्याकडं मुशीशिवाय उरतं काय?

रविवारी ऑफिसात मुंगी शिरायला जागा नव्हती. अनंताची बायको सोनूबाई पुढच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मॉनिटर उजळला, तेच घोगरं संगीत वाजलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या निवट्यांना बघून एके काळी घाम फुटायचा, त्या आता रंगीत विटांच्या ढिगाऱ्यासारख्या दिसत होत्या. पण उड्या त्याच!

"ही काय निवटी?" सोनूबाई म्हणाली. "हिला चार कोपरे हायत!" आणि दोनच मिनिटांत तीच ओरडायला लागली, "भावजी, डावीकडं! आवो, तुमची डावी कुठली?"

तीनदा मेलो. एकदा निवट्यांनी खाल्लं, एकदा खड्ड्यात पडलो, एकदा चष्मा घसरला. अनंता मिशीला पीळ देत होता. चौथ्यांदा बोटांना आपोआप आठवायला लागलं. कोपऱ्यावर वाकायचं, पुलावर थांबायचं, दिव्याखालची पेटी उचलायची. बुरूज आला. हिरवं पाणी चढलं. गुडघा, कंबर, छाती.

"आजा, वर पळ!" मृणाली किंचाळली.

मी खालीच. समोर झाकण. पडद्याच्या कोपऱ्यात जीव किती उरला त्याचा आकडा. साठ. चाळीस. बावीस.

"मेला," परेश म्हणाला. "गोळी तरी मार!"

"गोळी मारू नको!" हा आवाज अनंताचा. तो उठून माझ्या खांद्याशी आला होता, मिशी विसरून. "उघाडीला कोण गोळी मारतं रं, येड्या? थांब. पाणी थांबलंय बघ. आता फिरंल."

अकरा. नऊ.

"फिरलं!" अनंता माझा खांदा पिळत ओरडला. "ओहोटी लागली! दम धर, दयाराम, दम धर!"

सहा. चार. झाकण थरथरलं, वीतभर उघडलं. माझी नजर पडद्यावर नव्हती, वरच्या ट्यूबलाइटवर होती. लाइट गेली नाही! झाकण सताड उघडलं, पाणी धो धो बाहेर पडलं आणि शिपाई त्याच्या मागोमाग.

पलीकडं सगळं पांढरं. नजर जाईल तिथवर पांढरं, आणि त्यात पांढऱ्या राशी.

अनंता पडद्याला नाक लावून वाकला. मग अनंतानंच बोंब मारली, "मीठ! आयला, मीठच हाय!"

सगळे उठले, टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी माझ्या टकलाचा मुका घेतला.

"अहो, तो बर्फ आहे," मृणाली म्हणाली. "ग्रहावर बर्फ पडलाय."

"गप गं," अनंता म्हणाला. "चाळीस वर्षं मीठ ओढलंय मी. मना शिकवतेस?"

मग त्याला पैज आठवली. "पण बाई कुठाय?"

मी शिपायाला गोल फिरवला. चारी बाजूंना पांढरं. बाई नाही.

"दुपारची वेळ," मी म्हणालो. "पेज प्यायला घरी गेली असंल."

भांडण जुंपलं. शेवटी सोनूबाईनं खुर्चीतूनच निकाल दिला. "मीठ निघालं, बाई न्हाय निघाली. दोघांची अर्धी अर्धी काढा. ह्यांची डावी, भावजींची उजवी."

आणि काढली. नाक्यावरच्या न्हाव्याकडं, सगळ्यांच्या समोर. आता आम्ही टपरीवर नीट बाजू बघून शेजारी बसलो, की दोघांत मिळून एक पुरी मिशी होते. येणारा-जाणारा विचारतो, आणि उघाडीची गोष्ट आता अनंता सांगतो. पाणी गळ्यापर्यंत कसं आलं, त्यानं मला गोळी मारू कसं दिलं नाही, झाकण कसं उघडलं.

"आणि पलीकडं?"

"पलीकडं मिठागर," अनंता सांगतो. "आणि एक बाई एकटीच मीठ ओढत होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

मी चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, "व्हय. हिरवं लुगडं होतं तिचं."