चार रिकाम्या बत्त्या

मी देवभोळी बाई नाही, हे पहिले ऐकून घ्या. आमच्या घरी नारळ फुटत नाही, दारावर लिंबू-मिरची टांगत नाही. आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् ते सारं सोडलं. म्हून डोळ्यानं पाह्यलं तेवढंच सांगून राह्यली. कोणाले पटो ना पटो, माहं काय जाते!

माह्या बापाचं नाव उकंडा. राळेगावकडच्या एका जिनिंगात तीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली, अन् उरलेल्या वेळात आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवली. धुळीनं दमा दिला. दोन वर्षांपासून पेटीचा भाता ओढणं होत नव्हतं. मी पार्टीची गाणारी, साधना. पेटीवालाच नाही तं गाणार कशावर? म्हून माह्या लहान भावानं, संघदीपनं, वणीहून एक जुनं सिंथेसायझर आणलं. तो तिकडे कोळशाचा ट्रक चालवते.

काय तो डब्बा बाप्पा! पट्ट्या कमी अन् बटनं जास्त. खाली सोळा बटनांची रांग, एकेकावर लाल बत्ती. तुमी जे वाजवसान ते मशीन या सोळा घरांत भरून घेते, अन् मंग बत्ती घराघरावरून पळत तेच वाजवत राह्यते, तुमी हात काढून घेतला तरी. बटनांची इंग्रजी नावं कोणाच्या बापाले कळतात! मी पांढरी चिकटपट्टी लावली अन् पेनानं आपली नावं लिवली. आवाज मोकळा नाहीतं कोंदट करते त्याले 'झाकण'. सूर सोडल्यावर मागं रेंगाळते त्याले 'शेपूट'. वेगाले 'चाल'. 'चालू' अन् 'थांब' तं सरळच. अन् भरलेलं कायमचं ठेवायचं बटन, त्याले 'लिव'.

संघदीप हासला. "ताई, बनवणारा पाहीन तं रडन."

एका दुपारी मी बाबाले म्हटलं, तुमची चाल यात भरून द्या, मंग तुमी घरी अन् तुमचा हात कार्यक्रमात माह्यासंग. बाबा मशीनपुढं बसले. उजवा हात पट्ट्यांवर, अन् डावा हात मागं हवेतच हालून राह्यला, भाता शोधत.

"इले दम कोण देते वं?"

"करंट देते, बाबा. वाजवा आता."

"करंट नाही. दम."

मले राग आला. माणूस बिमार, पण पेटीवाल्याचे नखरे जसेच्या तसे. म्हटलं, "मंग तुमीच द्या!" बोलून गेली मी. माह्या जिभेले हाडच नाही.

बारा घरं वाजवली अन् बाबाले धाप लागली. हात पट्ट्यांवरून खाली आला. शेवटची चार घरं रिकामीच राह्यली. मी मशीन बंद नाही केलं, कसं झालं ते ऐकायचं होतं. बारा घरं पेटी, चार घरं गप्प. फिरून बारा, फिरून चार.

अन् बाबाची धाप बसली. खाटेवर टेकले तं छाती सावकाश वर जाय, सावकाश खाली येय. पंप नाही, वाफ नाही, घरघर नाही. दोन वर्षांत मी बाबाले असं निवांत पडलेलं पाह्यलं नव्हतं. मले रडू आलं, खोटं कायले बोलू. झोपू द्या म्हून मी 'थांब' दाबलं. तीन मोजेपर्यंत बाबा उठून बसले, डोळे पांढरे, ओठ जांभळे. मी घाबरून 'चालू' दाबलं. बत्ती पळाली, अन् छाती चालली.

योगायोग म्हणसान. मी बी तेच म्हटलं. संघदीप आला तवा त्याच्यासमोर 'चाल' हळूच कमी केली. बाबाची छाती हळू झाली. थोडी वाढवली, छाती बी वाढली. संघदीपचं तोंड उतरलं.

"हात नको लावू ताई त्याले," तो म्हणाला.

तवापासून नऊ दिवस मशीन थांबलं नाही. भाकर त्याच चालीत थापली, भांडी त्याच चालीत घासली. शेजारची सत्यशीलाबाई इचारे, काय वं, एकच गाणं कायले लावलं? मी म्हणे, रियाज सुरू आहे. पण जीव टांगलेला होता. बाबाची चाल मशीनमंदी कच्चीच होती. पक्की करायची तं 'लिव' दाबा लागे, अन् 'लिव' चाले फक्त मशीन थांबवल्यावर. दहा मोजेपर्यंत बत्ती लुकलुक करे, मंग काम होये. नाही लिवलं अन् करंट गेला तं सारं पुसून जाय. तीन आकड्यांत जांभळा पडलेला माणूस, त्याच्यासमोर दहा कोण मोजीन? संघदीपनं ट्रकवरून सुट्टी काढली, आमी इन्व्हर्टर जोडला अन् गप्प बसलो.

अजून एक गोष्ट मले दिसत होती, पण मी तिकडे पाहत नव्हती. बाबा बोलत ते फक्त त्या चार रिकाम्या घरांत. घास बी तेवढ्यातच गिळत. खोकला असो की ठसका, बत्ती तेराव्या घरावर येईपर्यंत तो येतच नसे. बाकीची बारा घरं नुसते माह्याकडे पाहत राहत. दिवसातून चारदा-पाचदा एकच बोलणं, तेही तुकड्या-तुकड्यानं. "दम..." मंग बारा घरं नुसती पेटी. "घेऊ..." फिरून बारा. "दे, माय."

मी म्हणे, घ्या ना बाबा, घ्या दम. अन् आवाज थोडा वाढवून देई.

बुधवारी लाइनचं काम होतं, सकाळपासून करंट बंद. इन्व्हर्टरची बॅटरी जुनीच. अकरा वाजता ती चिरकाले लागली. संघदीप मोटरसायकल काढून दुसरी बॅटरी आणाले राळेगावले पळाला. घरात मी, बाबा अन् ते मशीन. दारातून ऊन पार खाटेपर्यंत आलतं. बत्त्या मंद होऊन राह्यल्या होत्या.

मी बाबाजवळ बसली. म्हटलं, "बाबा, थांबवून लिवून घेऊ काय? दहा मोजेपर्यंत काढसान कळ?"

बत्ती तेराव्या घरावर आली.

"दम," बाबा म्हणाले.

बारा घरं गेली.

"घेऊ दे." अन् त्यायनं माहं मनगट धरलं. बोटांत ताकद नव्हती, तरी माहा हात ओढत 'थांब'वर नेऊन ठेवला.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे दम घेणं म्हणजे नुसता श्वास घेणं नाही जी. औत सोडलेला बैल झाडाखाली उभा राह्यते, तो दम घेते. कापूस वेचून वेचून बाई वावराच्या धुऱ्यावर टेकते, ती दम घेते. थांबणं, बसणं, पुरे म्हणणं. नऊ दिवस माहा बाप सांगून राह्यला, थांबू दे, अन् मी त्याले हाकलत राह्यली. सुराची एवढी पक्की मी, अन् बापाचा एक शब्द ऐकता आला नाही. आग लागो माह्या कानाले!

मी 'थांब' दाबलं.

बाबानं श्वास सोडला. लांब, आपल्या मनानं. अन् नऊ दिवसांत पहिल्यांदा आखं वाक्य बोलले, न तुटता. "लय थकवलं वं तुह्या मशीननं. झोपतो आता." थोडे हासले बी. मंग डोळे मिटले. छाती खाली गेली अन् खालीच राह्यली.

मी मोजाले लागली. दहा झाले. वीस झाले. बापानं मागतलं ते दिलं, आता हात जोडून बसायचं, एवढंच काम उरलं होतं. गावात किती मयती पाह्यल्या मी, किती घरी जाऊन बायकांले धीर दिला. तीस झाले. बाबाचं तोंड थोडं उघडं पडलं. चाळीस झाले, अन् माह्याच्यानं राह्यवलं नाही.

मी 'चालू' दाबलं.

बाबाची छाती वर आली.

डोळे नाही उघडले. तोंड नाही मिटलं. मी हात धरला तं बोटं गार पडून राह्यली होती, अन् छाती बारा घरं चाले, चार घरं थांबे, फिरून बारा. पाय आखडून मी खाटेजवळ बसून राह्यली. बंद करायले बोट नेलं दोनदा. दोनदा मागं घेतलं.

बाहेर गाडी वाजली. संघदीप बॅटरी छातीशी धरून धावतच आत आला, माह्याकडे न पाह्यता खाली बसला अन् भराभर तारा जोडल्या. चिरकणं थांबलं, बत्त्या लख्ख झाल्या. मंग त्यानं खाटेकडे पाह्यलं अन् दाराले पाठ टेकून हाश्शहुश्श केलं.

"टायमावर आलो ताई. झोपले काय?"

"हो," मी म्हटलं.

"आता फिकर नको करू," तो घाम पुसत म्हणाला, "नवी बॅटरी आहे. लय दिवस चालते म्हणे."